तिळारी ते मोरजी : एका खोऱ्याची वाट

मोपाच्या सड्याखाली, चांदेलच्या बाजूच्या उतारावर, आमची वडिलोपार्जित भरड आहे. आजोबांनी तिथे काजू लावले, वडिलांनी खाली झरीकडे चार माड आणि थोड्या पोफळी वाढवल्या. मी पेडण्यात प्राध्यापकी करीत असल्यामुळे तिची राखण आपोआप माझ्याकडे आली. धाकटा भाऊ पुण्याला असतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तो एक प्रश्न घेऊनच. एका दलालाने त्याला थेट पुण्यात गाठले होते.

"दादा, जमीन बागायतीत दाखवली असली तरी अडचण नाही, झोन आम्ही बदलून आणू, असं तो म्हणतो. विमानतळ झाला, रस्ते झाले. आता नाही विकली तर कधी विकणार?"

भावाचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. त्याच्या पदरी दोन मुली, डोक्यावर फ्लॅटचे हप्ते. काजूच्या पैशांतून बेणणी आणि राखणीची मजुरी वजा केली की हाती फारसे उरत नाही, हे मलाही ठाऊक. मी त्याला एवढेच म्हटले, "उत्तर भाऊबीज झाल्यावर देऊ. त्याआधी एक दिवस माझ्याबरोबर चल. तिळारीच्या धरणापासून मोरजीच्या समुद्रापर्यंत जाऊ. आपली भरड कुठे आहे ते दाखवतो."

तो हसला. "भरड कुठे आहे ते मला ठाऊक नाही?"

"तुला सर्व्हे नंबर ठाऊक आहे," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुके असतानाच आम्ही निघालो. चांदेल, हणखणे करीत दोडामार्ग गाठले, भेडशीला चहा घेतला आणि कोनाळकट्ट्याच्या वाटेने धरणाकडे वळलो.

वर्गातला एक नकाशा

गाडीत मी भावाला पॅट्रिक गेडिसची गोष्ट सांगितली. समाजशास्त्राच्या वर्गात मी ती दरवर्षी सांगतो. हा स्कॉटलंडचा विद्वान १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला, इथल्या अनेक शहरांत फिरला, त्यांच्या सुधारणेचे अहवाल लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा तो पहिला प्राध्यापक. आपल्या मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी निवडले ते त्यानेच, आणि १९२४ मध्ये घुर्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

गेडिसचे म्हणणे साधे होते. शहर समजून घ्यायचे तर शहरातल्या चौकात उभे राहून चालत नाही. जवळच्या डोंगरावर जा आणि नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंतचे अख्खे खोरे नजरेखाली घाला. वर खाणीतला आणि जंगलातला माणूस, उतारावर मेंढपाळ, मध्ये शेतकरी, खाली मच्छीमार. ह्या सगळ्यांच्या कामांनी मिळून शहर उभे राहते. खोऱ्याचा असा उभा छेद काढून तो विद्यार्थ्यांना शिकवीत असे. त्याचा दुसरा आग्रह म्हणजे आधी पाहणी, मग आराखडा. डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसेच हे.

आपल्याकडचे नियोजन बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी मध्यभागी शहर, बंदर किंवा विमानतळ असा ठिपका काढायचा. मग त्याच्याभोवती वर्तुळ. वर्तुळात येणारी गावे म्हणजे 'भोवतालचा परिसर', म्हणजे ठिपक्याला लागेल ती जमीन, पाणी आणि मजूर पुरवणारी रिकामी जागा. आणि वर्तुळ राज्याच्या हद्दीला टेकले की तिथेच कापायचे. गोव्याच्या नकाशात पत्रादेवीपलीकडे कागद कोरा असतो, सिंधुदुर्गच्या नकाशात बांद्याखाली.

आतेचे गाव

धरणाच्या माथ्यावरून पाणी शांत दिसते. त्या पाण्याखाली आमच्या आतेचे सासर आहे. गाव बुडीत क्षेत्रात गेले आणि ती पुनर्वसनाच्या वसाहतीत आली. आता ऐंशीच्या घरात आहे. आम्ही दोघे भाऊ दारात दिसताच तिने आधी भाकऱ्या थापायला घेतल्या.

तिळारी प्रकल्प हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० मध्ये दोन्ही राज्यांत करार झाला. खर्चात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के, महाराष्ट्राचा २६.७ टक्के. धरण दोडामार्ग तालुक्यात, बुडालेली गावे दोडामार्ग तालुक्यातली, आणि पाण्याचा मोठा हिस्सा कालव्यांनी पेडणे, डिचोली, बार्देशकडे जातो. ह्या प्रकल्पासाठी दोन्ही राज्यांचे मिळून एक नियंत्रण मंडळ आहे. असे असूनही धरणग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न कित्येक वर्षे दोन राज्यांच्या मध्ये लोंबकळत राहिला.

"पाणी गोयांत गेला, आमी हयसर रवलाव," आते म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "जाऊंदे, तुमच्या नळाक तरी येता मां? पण झिला, आमका इचारूक कोण इल्लो?"

भाऊ गप्प होता. पुण्याला जाण्यापूर्वीची त्याची सगळी वर्षे ज्या नळाच्या पाण्यावर गेली, ते कुठून येते याचा विचार त्याने तोवर केला नसावा. खरे तर मी तरी कुठे केला होता? तालुक्याचे पिण्याचे पाणी मुख्यतः चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते. दिवसाला १५ दशलक्ष लिटर ही त्याची मूळ क्षमता. तिथे पाणी पोचते ते कळणे नदीतून आणि तिळारीच्या कालव्यातून. गेल्या काही वर्षांत दोडामार्गच्या हद्दीत कालवा अनेकदा फुटला, आणि दरवेळी इकडे घागरी घेऊन टँकरची वाट पाहणे आले. पलीकडे एक बांध फुटतो आणि अलीकडे संध्याकाळचा स्वयंपाक अडतो. हद्द कुठे आहे हे पाण्याला कुणी सांगितलेले नसते.

एकाच मुलखाचे दोन भाग

परतीच्या वाटेवर दोडामार्गच्या बाजारात थांबलो. दुकानांसमोर निम्म्या गाड्या गोव्याच्या क्रमांकाच्या. सकाळी ह्याच रस्त्याने शेकडो मुले-मुली मोटारसायकलींवरून गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत कामाला जातात आणि रात्री परततात. बांदा-पत्रादेवी आणि सातार्डा-नयबाग येथेही तेच दृश्य. आजारी माणसाला दोडामार्ग, सावंतवाडीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेतात. तिथे २०१८ मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात मोठे जनआंदोलन उभे राहिले. २०२० च्या टाळेबंदीत नाके बंद झाले, तेव्हा कुणाची नोकरी पलीकडे अडकली, कुणाची लेक.

यात नवल ते काय? १७८८ पर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. त्या वर्षी तो पोर्तुगिजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत मोडू लागला. मग हद्द पडली ती पडलीच. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेही ह्याच हद्दीवर. १९ डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज गेले, हद्द मात्र दोन राज्यांची म्हणून राहिली. तरीही दशावताराचे नाटक तेच, गाऱ्हाणे घालण्याची रीत तीच, सोयरिकी त्याच. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी मोजली गेली, देशात तेव्हा ३१ टक्के होती. त्याच दशकात सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. हे दोन आकडे दोन वेगळ्या अहवालांत छापले जातात. खोऱ्याच्या नजरेने पाहिले तर अलीकडे माणसे वाढणे आणि पलीकडे घरांना कुलपे लागणे, ही एकाच गोष्टीची दोन टोके असू शकतात, एवढे तरी तपासावेसे वाटते.

सड्यावरचे विमान

चांदेलहून आम्ही मोपाच्या सड्यावर चढलो. लहानपणी आम्ही इथे चुन्ना आणि करवंदे खायला येत असू. पावसाळ्यात कातळावर रानफुलांचा गालिचा, धनगरांच्या म्हशी आणि डबक्यांत साठलेले आभाळ. आता कुंपण, दिवे आणि धावपट्टी. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी विमानतळाची पायाभरणी झाली. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये परवाना स्थगित केला आणि जानेवारी २०२० मध्ये अटींसह स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली.

विमानतळ नको होता असे सांगण्यासाठी हा लेख नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांना तिथे नोकऱ्या मिळाल्या आहेत, त्यांच्या घरी चूल पेटते. प्रश्न वेगळा आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी येथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी दुसरा विमानतळ सुरू झाला होता. मोपापासून सरळ रेषेत ते अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. दक्षिणेला दाबोळी आहेच. एका राज्याने आपल्या नकाशात एक ठिपका काढला, दुसऱ्याने आपल्या. चिपीच्या वाट्याला मग विमानफेऱ्यांचा लपंडाव आला.

युरोपात बाझेल नावाचे शहर आहे, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमा भिडतात तिथे. त्या शहराचा विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे. १९४९ मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांनी करार केला आणि तेव्हापासून दोघे मिळून तो चालवतात. दोन स्वतंत्र देशांना जमले ते एकाच देशातल्या दोन राज्यांना जमू नये?

सड्याच्या कडेवरून मी भावाला खालची आमची भरड दाखवली. जांभ्या दगडाचा सडा वरून कोरडा दिसतो, पण पावसाचे पाणी पिऊन ठेवतो आणि उन्हाळ्यात पायथ्याच्या झरींतून थोडेथोडे सोडतो. आमच्या डोंगरांच्या पोटात किती पाणी असते ते कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याने सांगितलेच आहे. बांधतानाच त्याने जीव मेटाकुटीला आणला होता. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला, जुलै २०२४ मध्ये आत पाणी उसळून गाड्या थांबल्या. आमच्या भरडीतली झर खाली वाडीतल्या पोफळींना जाते, तिथून वहाळाला, वहाळ कळणे नदीला, कळणे शापोऱ्याला.

"म्हणजे आपण उतारावर काँक्रीट घातलं तर खालच्या वाडीचं पाणी जाईल," भाऊ म्हणाला.

"जाईलच असं मी छातीठोक सांगणार नाही. पण दलालाने ते पाहिलं आहे का? झोन बदलणाऱ्या कागदावर झरीसाठी रकाना असतो का?"

आराखड्यांची गोष्ट

गोव्याला आराखड्यांचा तोटा नाही. १९७४ चा नगर आणि ग्राम नियोजन कायदा आहे. १९८६ मध्ये पहिला प्रादेशिक आराखडा आला. २००६ मध्ये 'आराखडा २०११' अधिसूचित झाला. त्यात डोंगर-शेते बांधकामाला खुली होत असल्याचे पाहून गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर 'आराखडा २०२१' साठी कृती दल नेमले गेले. त्यात वास्तुविशारद चार्ल्स कुरैया होते. १९६४ मध्ये मुंबईच्या पलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह मांडणारे हेच कुरैया. आराखड्याचे मसुदे गावोगावी पंचायतींकडे पाठवून लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या. गेडिसच्या भाषेत ही पाहणीची सुरुवात होती. उणिवा होत्या, पण गावाला विचारले तरी होते.

पुढे हा आराखडा बाजूला पडला आणि कायद्यातल्या दुरुस्त्यांनी अर्ज येईल तसा एकेका जमिनीचा झोन बदलण्याच्या वाटा उघडल्या. २०२३ मध्ये १७(२) हे कलम आले, २०२४ मध्ये ३९-अ. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. दरम्यान २०२३ मध्येच पेडणे तालुक्याच्या विभाग आराखड्याचा मसुदा पुढे आला. त्यात वस्तीसाठी दाखवलेली जमीन पाहून तालुका खवळला आणि सरकारला मसुदा स्थगित ठेवावा लागला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७५ हजार लोकसंख्येचा हा तालुका. एवढी घरे नेमकी कुणासाठी, हा प्रश्न वाड्या-वाड्यांवर विचारला जात होता.

मला यात एक धोका दिसतो. ठिपका-वर्तुळाचे नियोजन वाईटच, पण त्यात निदान नकाशा तरी होता. एकेका सर्व्हे नंबराच्या कारभारात नकाशाही उरत नाही. खोरे हा शब्दच नाहीसा होतो.

आगरवाड्याचे मीठ

धारगळला तिळारीच्या कालव्याच्या पाण्यावर शेती व्हायची होती. तिथून महामार्ग ओलांडून तुयेमार्गे आगरवाड्याला आलो. भरती लागली होती. बांध, मानस आणि खाजन शेते यांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रचना. भरतीचे खारे पाणी अडवायचे, ओहोटीला आतले पाणी सोडायचे. कुणा एकाचा बांध फुटला की सगळ्यांच्या शेतात खार शिरते, म्हणून दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची. इथल्या मिठागरांचे काम पाऊस ओसरल्यावर सुरू होते. वरच्या डोंगरातून गाळ किती येतो, नदीत गोडे पाणी किती सुटते, यावर खाजनाचे आणि नदीतल्या तिसऱ्या-कालवांचे भवितव्य ठरते. तिळारीच्या दाराशी झालेला निर्णय इथे मिठाच्या वाफ्यापर्यंत पोचतो.

संध्याकाळी मोरजीला नदीच्या मुखाशी उभे राहिलो. समोर शापोऱ्याचा किल्ला. उजवीकडे तेंबवाड्याची वाळू. थंडीच्या दिवसांत तिथे सागरी कासवे अंडी घालायला येतात आणि त्यांची राखण केली जाते. मागे हॉटेलांचे दिवे लागत होते. सकाळच्या धरणापासून इथवरचे अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही. एका दिवसात गेडिसचे अख्खे खोरे पाहून झाले.

मग करायचे काय?

सगळे प्रश्न एका लेखात सुटत नाहीत. तरी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, दोन्ही राज्यांनी तिळारी-शापोरा खोऱ्याचा एकत्र नकाशा करावा. हे अशक्य नाही. दिल्लीभोवतीच्या राज्यांसाठी १९८५ मध्ये संसदेने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा केला, तोही संबंधित राज्यांच्या विधानसभांनी ठराव केल्यावर. आपल्याकडे तिळारीचे नियंत्रण मंडळ आधीच आहे. आज ते धरणापुरते पाहते. रुग्णालय, बस, रोजगार आणि सड्यांचे पाणी यांवर बोलण्यासाठीही तशीच एक बैठक का असू नये? आणि त्या बैठकीत आमच्या आतेच्या वसाहतीतले कुणीतरी असावे.

दुसरी, कुठल्याही नव्या आराखड्याआधी गावाची पाहणी व्हावी. झरी, वहाळ, बांध, मानशी, देवराया, गुरांच्या वाटा. यासाठी परदेशी सल्लागार लागत नाहीत. महाविद्यालयातली मुले आणि गावातली जाणती माणसे मिळून एका हिवाळ्यात एका गावाची नोंद करू शकतात. आमच्या वर्गाने हे काम हाती घ्यायचे ठरवले आहे.

तिसरी, जमिनीचा झोन बदलण्यापूर्वी एकच प्रश्न सक्तीचा करावा : खालच्या वाडीचे काय होईल? उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे.

मी जमीन विकूच नका असे सांगत नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, लेकीचे लग्न आहे, त्याला उपदेश करण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकाला नाही. भरडीतल्या काजूला नीट भाव मिळाला असता तर माझ्या भावाला दलालाचा फोन इतका गोड लागला नसता, हेही तितकेच खरे. शेतीवर पोट भरले तरच खोरे टिकेल, आणि तेही नियोजनाचेच काम आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याला निघाला. जाण्यापूर्वी एकटाच भरडीत जाऊन आला. येताना झरीचे पाणी बाटलीत भरून आणले होते. मुलींना दाखवायला, म्हणाला. विकायची की राखायची, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. दलालाचा फोन येतो. भाऊ त्याला सांगतो, "थोडे थांबा. आधी खालच्या वाडीला विचारायचे आहे."